‘येळकोट’ : एका आनंदघोषाची शब्दचिकित्सा

१

खंडोबाच्या उपासनेंत ‘येळकोट’ हा शब्द जितका कानीं पडतो, तितकी त्याची विचारपूस आपल्या संशोधक मंडळींत होत नाहीं. जेजुरीच्या पायऱ्या चढणारा यात्रेकरू, चंपाषष्ठीस घरीं तळी उचलणारा गृहस्थ, जागरणांत दिमडी वाजविणारा वाघ्या, हे सर्व हा शब्द कंठ फुटेपर्यंत उच्चारतात. त्याचा अर्थ विचारला असतां बहुतेक हसतात आणि ‘देवाचा शब्द आहे’ एवढेंच उत्तर देतात. उपासकापुरतें हें उत्तर पुरेसें आहे. परंतु जुने कागद वाचण्याचें व्रत ज्यांनीं घेतलें आहे, त्यांस एवढ्यावर थांबतां येत नाहीं.

प्रस्तुत लेखकास हा विषय सुचण्यास त्याची स्वतःचीच एक चूक कारण झाली. संग्रहांतील कांहीं बाडांची शब्दसूचि तयार करीत असतां त्यानें ‘येळकोट’ हा शब्द भुईकोट, गडकोट, परकोट यांच्या रांगेंत नेऊन बसविला. जेजुरीचें देवालय तटबंदीच्या आंत आहे व त्या स्थानास लोक गडकोटच म्हणतात. तेव्हां शब्दाच्या शेवटचा ‘कोट’ म्हणजे किल्ला हें मनानें चौकशीशिवाय मान्य करून टाकलें. ‘येळ’ म्हणजे ‘वेळ’ असेल, अशी पुढची कल्पनाहि आपोआप जुळली. पुढें धारवाडकडील एक गृहस्थ ती सूचि चाळीत असतां या नोंदीपाशीं थांबले आणि म्हणाले, “एळु म्हणजे सात. हे सात कोटि तुम्ही किल्ल्यांत कां कोंडले?” त्या एका प्रश्नानें सूचीची ती रांग मोडली. चूक लहान होती, पण ती ज्या वाटेनें झाली ती वाट आपल्यापैकीं अनेकांच्या पायाखालची आहे. शब्द मराठी तोंडांत आहे म्हणून तो मराठीच असला पाहिजे, आणि त्याचा अर्धा भाग ओळखीचा वाटला म्हणजे उरलेला अर्धा भाग ओढून ताणून ओळखीचा करावयाचा, ही ती वाट होय. तिची तपासणी करावी एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

२

प्रथम शब्दाचा वापर पाहूं. कारण व्युत्पत्ति ही वापराच्या मागून यावी, पुढें धांवूं नये.

मराठींत मोठ्यानें ओरडण्यास शब्दांची वाण नाहीं. शेतांतून दूरच्या माणसास घालतात ती हाळी. संकटांत किंवा शिमग्यांत मारतात ती बोंब. भालदार-चोपदारांची ती ललकारी. दिंडींत नामाचा होतो तो गजर. युद्धांत किंवा सभेंत होते ती गर्जना. आरोळी हा यांतील सर्वांत सैल शब्द असून तो भीतीला, रागाला व आनंदाला सारखाच चालतो. येळकोट मात्र यांपैकीं कोणाच्याहि जागीं बसत नाहीं. भीतीचा येळकोट होत नाहीं, रागाचा होत नाहीं, आणि एकट्याचाहि सहसा होत नाहीं. तो अनेकांचा, आनंदाचा व देवाच्या नांवाचा असतो. कोशकारानें या तीन मर्यादा प्रथम नोंदल्या पाहिजेत. नुसतें ‘खंडोबाच्या भक्तांची आरोळी’ असें लिहिल्यानें शब्दाचें हाड सांपडतें, पण रक्त निसटतें.

हा घोष दोन प्रकारें ऐकूं येतो. एकांत ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ अशी द्विरुक्ति असते. दुसऱ्यांत पुढारी ‘सदानंदाचा’ एवढें म्हणतो आणि भोंवतालचा समुदाय ‘येळकोट’ हा शब्द उचलून त्याचें वाक्य पुरें करतो. तळीच्या विधींत हें विशेष स्पष्ट दिसतें. ताम्हणांत विड्याचीं पानें, सुपारी, खोबरें, भंडारा व नाणें ठेवून बहुधा पांच जण तें हातीं धरतात, आणि घोषाबरोबर तें वर उचलतात. उचलण्याची ती क्रिया व ‘येळकोट’ हा उच्चार एकाच क्षणीं होतात. म्हणजे येथें शब्द हा पांच हातांस एकदम उठविणारी खूणहि आहे. कागदावर ‘सदानंदाचा येळकोट’ असें एका ओळींत लिहिलें कीं यांतील दोन आवाज नाहींसे होतात. वाचणाऱ्यास तें एकाच माणसाचें वाक्य वाटतें. हस्तलिखितांचे वाचन करणारांस ही गोष्ट लहान वाटूं नये. सवाल-जबाबाची रचना सपाट ओळींत लिहिली गेल्यानें अर्थ बिघडल्याचा अनुभव त्यांस इतरत्रहि येत असतो.

व्याकरणदृष्ट्याहि या दोन प्रकारांत शब्दाचें रूप निराळें आहे. पहिल्यांत तो केवळ उद्गार आहे. त्यास लिंग नाहीं, विभक्ति नाहीं. दुसऱ्यांत ‘सदानंदाचा’ या षष्ठीमुळें तो पुल्लिंगी नाम झाला आहे. याच नामापासून ‘येळकोट करणें’, ‘येळकोट गाजणें’ असे प्रयोग निघतात, व तेथें ‘येळकोट’ म्हणजे घोषांतील शब्द नसून घोष करण्याची क्रियाच होय. या पायऱ्या ध्यानांत ठेवल्या म्हणजे पुढील विवेचन सोपें जाईल.

३

आतां रूपाकडे वळूं. ‘एळु’ हा कानडींत सात या संख्येचा वाचक आहे आणि ‘कोटि’ हा संस्कृत शब्द कानडी व मराठी या दोहोंत आहे. ‘एळुकोटि’ म्हणजे सात कोटि. हा अर्थ नवा नाहीं. खंडोबाच्या उपासनेचा विचार करणाऱ्या जाणत्यांस तो परिचित आहे. परंतु तो ‘असें म्हणतात’ या सदरांत पडून राहतो आणि त्याच्या बाजूस कोणतीं प्रमाणें उभीं राहतात हें कोणी मांडून दाखवीत नाहीं. माझ्या मतें तीं चार आहेत.

पहिलें प्रमाण उच्चाराचें. शब्दाच्या आरंभींचा ‘ए’ मराठी लेखनांत ‘ये’ होतो हें मोडी वाचणारास सांगावयास नको. ‘एक’ याच्या जागीं ‘येक’, ‘एकंदर’ याच्या जागीं ‘येकंदर’ हीं रूपें जुन्या पत्रांत पावलोपावलीं भेटतात. कानडी उच्चारांतहि आरंभींच्या ‘ए’पुढें ‘य’ची छटा उमटते. ‘एळु’चा अंत्य उकार मराठी तोंडांत गळणें आणि ‘कोटि’चें ‘कोट’ होणें हें दोन्ही नेहमींचें आहे. ‘तेहतीस कोट देव’ हा प्रयोग घराघरांतील आहे. तेव्हां एळुकोटि, एळकोट, येळकोट ही वाट सरळ आहे. तींत एकहि पायरी खास या शब्दासाठीं बांधावी लागत नाहीं.

दुसरें प्रमाण ‘ळ’ या वर्णाचें. द्राविड भाषांत सातास वाचक असे शब्द एकाच कुळांतले असले तरी त्यांचा मधला वर्ण सारखा नाहीं. तेलुगूंत ‘एडु’ म्हणतात. कानडींत ‘एळु’ म्हणतात. जुन्या कानडींत याच ठिकाणीं एक निराळा वर्ण होता व तो पुढें ‘ळ’मध्यें मिसळला. मल्लण्णा या नांवानें हा देव तेलंगणांतहि पुजला जातो, आणि ओरुगल्ल येथील मैलाराच्या वीरभक्तांचें वर्णन ‘क्रीडाभिराममु’ या तेलुगु काव्यांत आलेलें आहे. म्हणजे पूर्वेकडूनहि हा देव महाराष्ट्राचा शेजारीच होता. परंतु शब्द तिकडून आला असता तर आपण ‘येडकोट’ म्हणालों असतों. मराठी भक्ताच्या तोंडांतील ‘ळ’ हा शब्दाच्या जन्मगांवाचा शिक्का आहे, आणि तो शिक्का कानडी आहे.

तिसरें प्रमाण जिवंत वापराचें, आणि तें सर्वांत बळकट आहे. कर्नाटकांत तुंगभद्रेच्या कांठीं हूविनहडगली तालुक्यांत मैलार हें या देवाचें मोठें क्षेत्र आहे. पूर्वीं तें बळ्ळारी जिल्ह्यांत मोडे, इ. स. २०२१ पासून विजयनगर जिल्ह्यांत मोडतें. तेथें माघी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा भरते, आणि गोरव उंच धनुष्यावर चढून भविष्यसूचक वाक्य बोलतो, त्यास कारणिक म्हणतात. राणीबेन्नूरजवळील देवरगुड्ड येथेंहि असाच प्रकार आहे. या क्षेत्रांतून ‘एळुकोटि’ हा घोष तिहेरी आवृत्तीनें होतो, देवासहि ‘एळुकोटि मैलारलिंग’ म्हणतात, आणि उच्चारणाऱ्यास तेथें ‘एळु’ म्हणजे सात हें ठाऊक असतें. महाराष्ट्रांत जो नाद आहे तो कर्नाटकांत शब्द आहे. दोन प्रदेशांत एकच घोष असून त्याचा अर्थ एकाच बाजूस उघड असेल, तर मूळ कोणत्या बाजूस शोधावें हें सांगण्यास फारशी विद्वत्ता लागत नाहीं.

चौथें प्रमाण सोबतीच्या शब्दांचें. ‘मैलार’ हें नांव, जुन्या मराठींतील त्याचें ‘मैराळ’ हें रूप, आपल्या वाघ्याशीं कानडी गोरवाचें असलेलें साम्य, बेळगांव जिल्ह्यांतील मंगसुळीसारखें दोन्ही भाषांच्या यात्रेकरूंचें क्षेत्र, या सर्वांतून एकच रहदारी दिसते. तीस वाहक कोण होते हेंहि अंधारांत नाहीं. मेंढरें घेऊन देश व कर्नाटक यांच्यामध्यें हिंडणारे धनगर, मालाचे तांडे नेणारे वाणी, आणि चाकरीसाठीं फिरणारे शिपाई हे या देवाचे जुने भक्त आहेत. देवाच्या दोन स्त्रियांपैकीं म्हाळसा वाण्याची व बाणाई धनगराची असें जें आपण ऐकतों, तें या समाजांची आठवण कथेनें जपल्याचें चिन्ह आहे. सोन्थायमर यांनीं धनगरांच्या देवतांचा जो विस्तृत अभ्यास केला, त्याचेंहि तोंड याच दिशेस आहे.

४

येथपर्यंत मार्ग मोकळा आहे. खरी अडचण पुढें येते ती ‘सात कोटि कशाचे?’ या प्रश्नाशीं.

परंपरेचें उत्तर असें कीं, मणि व मल्ल या दैत्यांच्या पारिपत्यासाठीं शंकरानें मार्तंडभैरवाचा अवतार घेतला तेव्हां त्याच्याबरोबर सात कोटि सैन्य होतें. या आख्यानाचा संस्कृत आधार म्हणून ‘मल्लारिमाहात्म्य’ पुढें केलें जातें. हा ग्रंथ आपणांस ब्रह्मांडपुराणाच्या क्षेत्रखंडांतील म्हणवितो. परंतु त्याची रचना इ. स. १४६० ते १५१० च्या सुमाराची असावी असें सोन्थायमर व रा. चिं. ढेरे यांचें मत आहे. आतां कांहीं मंडळी असा क्रम लावतात: आधीं ग्रंथांतील सेना, मग तिच्या संख्येचा घोष. हा क्रम मला मान्य करतां येत नाहीं. घोष ग्रंथांतून खालीं उतरला असता तर मराठी भक्तानें ‘सप्तकोटि’ तरी म्हटलें असतें, नाहींतर ‘सात कोट’ तरी. संस्कृत ग्रंथ वाचून किंवा पुराणिकाच्या तोंडून ऐकून कोणी मराठी माणूस सातास ‘एळु’ म्हणूं लागेल हें असंभाव्य आहे. अर्थ हातीं आला असता तर शब्द भाषांतरित झाला असता. शब्द भाषांतरित झाला नाहीं, यावरून आधीं नाद आला व अर्थ मागून जोडला गेला हें दिसतें. महाराष्ट्रापुरतें तरी घोष हा कथेचा पुत्र नव्हे.

परंतु याच्या उलट टोंकासहि जाऊं नये. घोषाचा अर्थ लावण्यासाठीं पुराणकारानें सेना कल्पिली असें ठामपणें म्हणण्यासहि आधार लागतो, आणि ‘सात कोटि’ ही संख्या शैव परंपरेंत या ग्रंथाहून बरीच जुनी आहे. शैवागमांत सात कोटि महामंत्रांची कल्पना आहे. त्याहून नाणीसंग्राहकांस जवळचा असा एक पुरावा गोमंतकांत आहे. गोव्याच्या कदंब राजांचें आराध्य दैवत सप्तकोटीश्वर. बाराव्या-तेराव्या शतकांतील त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर, सप्तकोटीश्वरापासून वरप्रसाद लाभलेला राजा, अशा अर्थाचें बिरुद आहे. दिवाडी बेटावरील त्या देवाचें स्थान पोर्तुगीज अंमलांत सोळाव्या शतकांत नष्ट झालें, लिंग नदीपार नार्वें येथें नेण्यांत आलें, आणि तेथील देवालयाचें काम शिवछत्रपतींच्या आज्ञेनें शके १५९०, म्हणजे इ. स. १६६८ मध्यें, सुरू झाल्याचा शिलालेख प्रसिद्ध आहे.

नार्व्याचा सप्तकोटीश्वर व जेजुरीचा मल्हारी हे एकच, असा निष्कर्ष कोणी यावरून काढूं नये. दोघांचीं क्षेत्रें, विधि, उपासकवर्ग निराळे आहेत. मला येथें एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, कानडी राजवटीच्या छायेंतील प्रदेशांत ‘सात कोटि’ ही शिवाशीं निगडित संख्या बाराव्या शतकांत नाण्यांवर खोदण्याइतकी प्रतिष्ठित होती. आणि दुसरी गोष्ट याहूनहि बोधप्रद आहे. सप्तकोटीश्वराच्या नांवाची कथा सांगतांना सात ऋषींनीं सात कोटि वर्षें तप केलें असें सांगतात. तेथें सैन्य नाहीं, दैत्य नाहींत. म्हणजे संख्या एकच राहते आणि तिचें स्पष्टीकरण क्षेत्राप्रमाणें पालटतें. जें स्थिर तें जुनें, जें पालटतें तें मागाहूनचें, हा हस्तलिखितांच्या पाठनिर्णयांतील साधा नियम येथेंहि लागू पडतो.

मग मूळ घोष करणाऱ्याच्या मनांत सात कोटि कशाचे होते? माझ्या मतें हा प्रश्न गणितासारखा विचारणेंच चूक आहे. जेजुरीच्या पायऱ्या ‘नऊ लाख’ म्हणतात. त्या मोजावयास कोणी बसत नाहीं. छप्पन्न कोटि यादव, तेहतीस कोटि देव, चौऱ्यायशीं लक्ष योनि, या संख्या मोजदादीच्या नसून वैभवाच्या आहेत. समुदाय जेव्हां देवापुढें ‘सात कोटि’ म्हणून ओरडतो तेव्हां तो हिशेब देत नसतो. आपल्या देवाचा पसारा केवढा मोठा आहे हें तो आवाजाच्या बळावर सांगत असतो. मोठी संख्या व मोठा आवाज हीं येथें एकाच भावनेचीं दोन रूपें आहेत. म्हणूनच मराठी भक्ताला संख्येचा अर्थ हरवला तरी घोषाचा अर्थ हरवला नाहीं.

५

‘येळकोट’च्या शेजारच्या घोषांशीं तुलना केल्यास त्याचें वैशिष्ट्य अधिक उठून दिसतें. भवानीच्या भक्तांचा ‘उदो’ हा ‘उदय’ या शब्दाशीं सहज जोडतां येतो. ज्योतिबाचें ‘चांगभलं’ हें तर उघड आहे. ‘चांग’ हा जुन्या मराठींतील चांगलेपणाचा वाचक व ‘भलें’ हें आजहि चालतें. दोन्ही घोषांत मराठी माणूस आपल्याच शब्दांनीं शुभ चिंतितो. येळकोट एकटाच असा कीं ज्याचीं अक्षरें परभाषेंतील आहेत व भक्ति घरची आहे.

यांत एक गमतीची गोष्ट आहे. मैलारकडील कानडी घोषाच्या शेवटीं ‘चांगभलो’, ‘चांगमलो’ अशा उच्चाराचे शब्द येतात. म्हणजे ज्या घोषाचा आरंभ आपण कानडींतून घेतला, त्याच घोषाचा शेवट ज्योतिबाच्या डोंगरावर आपणांस ओळखीचा वाटतो. एकच आरोळी कृष्णा व तुंगभद्रा यांमधील टापूंत फिरत राहिली, आणि तिचा एक तुकडा एका देवानें व दुसरा तुकडा दुसऱ्या देवानें ठेवून घेतला, असें चित्र यावरून दिसतें. भाषांच्या सीमा नकाशावर जितक्या ठळक असतात तितक्या जत्रेंत नसतात.

येथें आणखी एका समजुतीचा परामर्श घेणें अवश्य आहे. येळकोट हा मराठी फौजांचा युद्धघोष होता असें पुष्कळदां सहज बोलून जातात. होळकरांचें कुलदैवत खंडोबा होतें यांत शंका नाहीं. मल्हारराव हें नांव, कुंभेरीच्या वेढ्यांत इ. स. १७५४ मध्यें पडलेल्या त्यांच्या पुत्राचें खंडेराव हें नांव, जेजुरीस त्या घराण्यानें केलेलीं बांधकामें, हीं सर्व त्याचीं चिन्हें आहेत. अशा सरदाराच्या लष्करांत हा घोष झाला नसेल असें कोण म्हणेल? परंतु संभव हा पुरावा नव्हे. कुलदैवतावरून युद्धघोष अनुमानणें व तो अनुमानलेला युद्धघोष पुढें लढाईच्या वर्णनांत घालणें, या रीतीनें इतिहासांत आवाज भरतो, पण माहिती भरत नाहीं. समकालीन पत्रांत हा शब्द लढाईच्या प्रसंगीं आला असेल तेथें तो जरूर दाखवावा. तोंवर त्यास देवळाच्या पायरीवरून घोड्यावर बसवूं नये.

६

घोड्याचा विषय निघालाच आहे, तर ज्या म्हणींत हा शब्द सर्वांत अधिक जपला गेला आहे तिच्याकडे येऊं. ‘वाघ्याचा पाग्या केला, तरी त्याचा येळकोट राहीना’ हें तिचें पूर्ण रूप. आज ती बहुधा ‘येळकोट राहीना, मूळ स्वभाव जाईना’ अशी तोडून वापरतात, आणि येळकोट म्हणजे खोड किंवा वाईट संवय असा तिचा अर्थ मुलांस सांगतात. या अर्थानें म्हणीवर तिहेरी अन्याय होतो.

पहिला अन्याय ‘पाग्या’ या शब्दाचा. पागा म्हणजे सरकारी घोड्यांचें दल, आणि पाग्या म्हणजे त्यावरील अंमलदार. पागा गेल्या, त्यांबरोबर हा शब्दहि बोलण्यांतून गेला, आणि न कळणारा शब्द म्हणींतून गाळला गेला. परंतु तो गाळतांच म्हणीचा प्रसंगच नाहींसा होतो. देवास वाहिलेला, भंडाऱ्याची पिशवी गळ्यांत घालून दारोदार वारी मागणारा एक वाघ्या; त्याचें दैव उघडलें आणि तो घोडदळावरचा अंमलदार झाला. अंगावर पोषाख आला, हाताखालीं बारगीर आले. आतां त्यानें हळू व दरडावून बोलावें अशी अपेक्षा. आणि हा गृहस्थ प्रसंग न पाहतां येळकोट करून उठतो! हें चित्र ज्यानें म्हण रचली त्याच्या डोळ्यांसमोर होतें. पागेचा व्यवहार ज्या काळीं नित्याचा होता त्या काळची ही म्हण असली पाहिजे, एवढें कालानुमान त्यांतून निघतें. अधिक नेमका सन काढण्याचा मोह टाळावा.

दुसरा अन्याय ‘राहीना’ या क्रियापदाचा. जुन्या मराठींत राहणें म्हणजे थांबणेंहि होतें. ‘पाऊस राहिला’ म्हणजे पाऊस थांबला. ‘येळकोट राहीना’ म्हणजे येळकोट थांबेना. आजचा वाचक ‘राहीना’ याचा अर्थ ‘उरेना’ असा घेतो आणि म्हण त्यास उलटी लागते. मग ती सरळ करण्यासाठीं तो ‘राहीना’ऐवजीं ‘जाईना’ घालतो. पाठभेद हे असेच जन्मतात. नकलनविसाच्या अज्ञानापेक्षां त्याची सुधारण्याची हौस पाठाला अधिक घातक ठरते, याचें हें घरगुती उदाहरण आहे.

तिसरा व मोठा अन्याय खुद्द येळकोटाचा. वाघ्याची जी गोष्ट थांबत नाहीं ती खोड नव्हे, व्यसन नव्हे. तो त्याच्या आनंदाचा घोष आहे. म्हण त्याची थट्टा करते हें खरें, पण त्या थट्टेंत तिरस्कारापेक्षां कौतुक अधिक आहे. पद मिळालें, वेष बदलला, तरी ज्या देवाच्या नांवानें हा माणूस ओरडत आला त्याचें नांव निघतांच त्याचा कंठ आवरत नाहीं. ‘वाईट संवय’ असा अर्थ लिहून आपण एका हंसणाऱ्या म्हणीची नीतिपाठांतील ताकीद करून ठेवली. ज्या शब्दाच्या अंगीं आनंद हा मुख्य गुण आहे, त्याच्या अर्थांतून आनंदच वगळला.

शब्दाच्या अर्थाचा प्रवास आतां एका दृष्टिक्षेपांत मांडतां येतो. प्रथम संख्या: सात कोटि. मग त्या संख्येचा देवापुढील उद्गार. मग त्या उद्गाराचें नांव, म्हणून पुल्लिंगी नाम. मग तो घोष करण्याची क्रिया. आणि शेवटीं, म्हणीच्या चुकीच्या वाचनामुळें, न सुटणारी खोड. यांतील पहिल्या चार पायऱ्या शब्दानें स्वतः चढल्या आहेत. पांचव्या पायरीवरून आपण त्यास ढकललें आहे.

७

संग्राहक मित्रांस शेवटीं चार गोष्टींची विनंती करावीशी वाटते.

हा शब्द बाडांत, पत्रांत किंवा वहींत आढळेल तेथें तो एळकोट, यळकोट, येळकोट यांपैकीं ज्या रूपानें असेल त्याच रूपानें उतरून घ्यावा. ‘शुद्ध’ करूं नये. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नसतो, म्हणून तेथील ‘कोट’ व ‘कोटि’ यांतील फरक विशेष काळजीनें पाहावा. शेवटची वेलांटी एका काळाचा पुरावा होऊं शकते.

दुसरें, जागरणाचीं व तळीचीं वाक्यें टिपतांना पुढारी कोणतें अक्षर म्हणतो व समुदाय कोणतें उचलतो हें निरनिराळें दाखवावें. ज्या घोषांत उत्तर देणाराच मुख्य आहे, तो एका आवाजांत लिहिणें म्हणजे अर्धा लिहिणें होय.

तिसरें, खंडोबाच्या संबंधाचा कोणताहि अनोळखी शब्द मराठी किंवा संस्कृत कोशांत सांपडला नाहीं म्हणून अपभ्रष्ट ठरवूं नये. आधीं तो कानडी शेजाऱ्यास विचारावा. कानडी कोश हातीं नसेल तर मंगसुळीच्या जत्रेंत जाऊन उभें राहावें. तेथें पुष्कळ शंका आपोआप फिटतात.

चौथें, म्हणींच्या जुन्या वह्या कोणापाशीं असतील तर त्यांत या म्हणीचा पाठ ‘राहीना’ आहे कीं ‘जाईना’, आणि ‘पाग्या’ हा शब्द शाबूत आहे कीं गळलेला, हें पाहून वहीच्या काळासह नोंदवावें. अशा दहा-वीस नोंदी एकत्र आल्या, तर म्हण केव्हां मोडली हें सांगतां येईल.

प्रस्तुत लेखकानें आपल्या सूचींतील नोंद आतां गडकोटांच्या रांगेंतून काढून ‘घोष’ या सदराखालीं नेली आहे, आणि तिच्यापुढें ‘कानडी, सात कोटि, आनंदाचा’ असे तीन शब्द लिहिले आहेत. जेजुरीस सोमवतीच्या दिवशीं पालखी कऱ्हेकडे निघते, भंडाऱ्यानें माणसें व पायऱ्या पिवळ्या होतात, आणि पुढाऱ्याच्या ‘सदानंदाचा’ या शब्दावर सारा डोंगर उत्तर देतो. तेव्हां त्या हजारों मराठी कंठांतून एक कानडी अंक बाहेर पडत असतो. तो अंक आहे हें त्यांस ठाऊक नसलें तरी त्यांचें कांहीं अडत नाहीं. आपलें मात्र अडतें, म्हणून हें टिपण.